उताराची चौकी

पानिपतजवळच्या काला अंब येथे दर १४ जानेवारीला मराठी माणसे जमतात आणि स्मारकस्तंभापुढे नतमस्तक होतात. तेथे लढलेल्यांच्या शौर्यात काही उणे नव्हते. उणा पडला तो पहारा. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊसाहेबांची फौज कुंजपुऱ्याकडे गुंतलेली असताना अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. नदीच्या उतारावर पुरेशी नजर नव्हती आणि मराठ्यांची दिल्लीची वाट तुटली. शौर्याचे गोडवे गाणारा समाज या चौकीचा धडा मात्र सोयीने विसरतो.

भारतीय अवकाश कार्यक्रमाच्या कौतुकातही हाच विसर दिसतो. एका अग्निबाणाने किती उपग्रह नेले, हे मुलांनाही पाठ असते. त्या उपग्रहांवर कक्षेत किती प्रारण आदळते, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. सूर्याकडून आणि सूर्यमालेबाहेरून आलेले, तसेच पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेले वेगवान कण चिपमधील एखादा बिट उलटवतात, प्रसंगी सर्किट जाळतात. माणसाच्या पेशींनाही ते सोडत नाहीत. दक्षिण अटलांटिकवर हे कण पृथ्वीच्या अधिक जवळ उतरतात. तेथून जाणाऱ्या उपग्रहाला हा मारा चुकत नाही.

हे कण मोजायला अवजड यंत्रणाच लागते, असे नाही. युरोपातील सर्न येथील सहकार्यातून घडलेली ‘टाइमपिक्स’ ही चिप जेमतेम नखाएवढी असते. तिच्यावर २५६ गुणिले २५६ चित्रबिंदू असतात आणि कणाने उमटवलेल्या ठशावरून त्याचा प्रकार ओळखता येतो. ही चिप घेऊन चेक प्रजासत्ताकाचा सुमारे २ किलोचा ‘व्हीझेडएलयूसॅट-१’ २३ जून २०१७ रोजी अवकाशात गेला, तो श्रीहरिकोट्याहून, पीएसएलव्ही-सी३८ मधून. गाडी आपली, पहारेकरी परका!

भारताला हे जमत नाही, असे म्हणण्याची सोय नाही. २०१५ मध्ये उडालेल्या ॲस्ट्रोसॅटवरील भारित कणांचा मापक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने घडवला. १६ ऑगस्ट २०२४ रोजी गेलेल्या ईओएस-०८ या छोट्या उपग्रहावर गगनयानासाठी सिलिकॉन कार्बाइडचा डोसमापक होता. अतिनील किरणांवर लक्ष ठेवणे आणि गॅमा प्रारण वाढल्यास इशारा देणे हे त्याचे काम. पाऊल स्तुत्य आहे. परंतु एका उपग्रहावरील एक प्रयोग म्हणजे पहारा नव्हे.

‘आदित्य-एल१ आहे ना!’ असे उत्तर तयारच असते. आदित्य १५ लाख किलोमीटरवरून शत्रू निघाल्याची वर्दी देईल. त्यातला किती भाग चुंबकीय तटबंदी ओलांडून खालच्या कक्षेत उतरला, हे त्या कक्षेतच मोजावे लागते. गगनयानाचे प्रवासी सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असतील. त्यांची काळजी तेथील आकड्यांनीच घ्यावी लागेल.

दुसरा आक्षेप अचूकतेचा. छोटा मापक मोठ्याइतका काटेकोर नसतो, हे खरे. पण मोठा मापक एका वेळी एकाच जागी असतो. मोठ्याशी ताडून पाहिलेले अनेक छोटे मापक वेगवेगळ्या कक्षांतून एकाच वादळाची नोंद करतात. गडावर एक तोफ असली म्हणून चौक्या मोडीत काढायच्या नसतात.

२०१६ मध्ये आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ वेगवेगळ्या अग्निबाणांतून गेले. असे उपग्रह घडवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या हाती हे काम सहज देता येईल. सार्वजनिक पैशातून जाणाऱ्या प्रत्येक छोट्या उपग्रहावर प्रारणमापक असावा आणि त्याच्या नोंदी सर्वांना खुल्या असाव्यात, असा नियमच हवा. अपघातानंतर चौकशी समिती नेमण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे.

काला अंबचे आंब्याचे झाड आज उरलेले नाही; तेथे स्तंभ उभा आहे. स्तंभ नंतर उभारता येतात. चौकी मात्र आधीच बसवावी लागते.