‘वस्त्रहरण’ : फजितीची संहिता आणि होळीतील एक प्रयोग

विनोदी नाटकांविषयी आपल्या विद्यापीठीय समीक्षेने बाळगलेली उदासीनता आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिची नोंद करणेही पुनरुक्तीचे वाटावे. तरीही गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’च्या बाबतीत ती करणे भाग आहे. १९८० साली व्यावसायिक रंगभूमीवर आलेल्या आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या तात्या सरपंचामुळे पाच हजारांहून अधिक प्रयोगांपर्यंत पोहोचलेल्या या नाटकाची बोळवण आपण सहसा ‘मालवणी बोलीतील लोकप्रिय नाटक’ अशा एका ओळीत करतो. हे नाटक नाटक करण्याच्या उपद्व्यापावरच लिहिलेले आहे, ही गोष्ट त्या ओळीत हरवते.

वसईतील होळी येथे एका लहानशा हौशी संचाने केलेला त्याचा प्रयोग अलीकडे पाहण्यात आला, आणि हा विचार पुन्हा वर आला. (शिमग्याला नाटके बसवणाऱ्या कोकणी गावांची फजिती ‘होळी’ नावाच्या ठिकाणी पाहावी, हा केवळ योगायोग; त्यातून काही सिद्ध करण्याचा मोह टाळतो.) मंच अरुंद, नेपथ्य जवळजवळ नाहीच. पहिल्या अंकात पडदा मध्येच अडकला. प्रेक्षक हसले, नटही क्षणभर थबकले. आणि हा अडथळा संहितेतला की त्या संध्याकाळचा, हे शेवटपर्यंत कोणालाच नीट कळले नाही.

‘वस्त्रहरण’च्या प्रयोगाची खरी अडचण येथेच आहे. गावातील हौशी मंडळी ‘द्रौपदी वस्त्रहरण’ बसवतात आणि त्यांची पदोपदी फजिती होते, एवढेच कथानक. वाईट अभिनय हाच येथे अभिनयाचा विषय आहे, आणि तो उत्तम करावा लागतो. व्यावसायिक संचाकडे त्यासाठी लागणारा काटेकोरपणा असतो. प्रेक्षक निर्धास्त असतो, कारण चूक ठरवून झालेली आहे हे त्याला ठाऊक असते. हौशी संचाला हा निर्धास्तपणा देता येत नाही. मात्र त्याबदल्यात तो जे देतो, ते मला अधिक मोलाचे वाटते: रंगमंचावरील मंडळी ज्यांची नक्कल करीत आहेत ते तेच आहेत. शहरी प्रेक्षक या नाटकात खेडुतांना हसतो, असा आक्षेप घेतला जातो. तो मला पुरता पटत नाही. मुंबईत या नाटकाला गर्दी करणाऱ्यांत मोठा भाग चाकरमान्यांचा होता आणि ते आपल्याच गावच्या मांडवाला हसत होते. पण आक्षेपात जो थोडा अंश खरा आहे, तोही होळीतल्यासारख्या प्रयोगात गळून पडतो.

शेरिडनचे ‘द क्रिटिक’ (१७७९) किंवा मायकेल फ्रेनचे ‘नॉइजेस ऑफ’ (१९८२, म्हणजे ‘वस्त्रहरण’नंतरचे) यांच्याशी तुलना करण्याचा मोह अभ्यासकांना होईल. ती उपयुक्त आहे, पण एका मर्यादेपर्यंतच. तेथे धंदा आहे, समीक्षक आहेत, नटांचे हेवेदावे आहेत. गवाणकरांच्या गावात तिकीटखिडकीपेक्षा गावची अब्रू आणि मानपान मोठे. नाटकाची सूत्रे सरपंचाच्या हाती आहेत, याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही. गावावर चालणारी सत्ता आणि तालमीत चालणारी सत्ता एकच होते, आणि भर सभेत वस्त्र फेडले जाते ते तिचे.

भाषेचा मुद्दा याहून गुंतागुंतीचा आहे. दशावतारात लिखित संवाद नसतात; कथा ठाऊक असलेला नट आयत्या वेळी बोलतो. येथील मंडळींना मात्र पौराणिक नाटकाची संस्कृतप्रचुर, पाठ केलेली मराठी बोलायची आहे आणि दर वाक्याला त्यांची मालवणी ती उधळून लावते. विनोद मालवणीत नाही, या झटापटीत आहे. होळीत ही झटापट तिहेरी झाली. गिरणगावातून नालासोपारा-विरारकडे सरकलेल्या कोकणी कुटुंबांतील प्रेक्षक आधी हसत. कादोडी वा वाडवळी बोलणारे वसईकर क्षणभराने. एकाच सभागृहात हशा दोन टप्प्यांत येत होता.

प्रयोगानंतर हे नाटक कादोडीत करावे, अशी सूचना एकाने केली. हेतू चांगला असला तरी मी तिच्याशी सहमत नाही. शब्द बदलतील, पण ज्या नाट्यपरंपरेची थट्टा चालली आहे ती कोकणातलीच राहील. कादोडीत लिहायचे तर कादोडी माणसांनी आपल्या स्वतःच्या हौशी नाटकांची फजिती लिहावी, आणि ती लिहिण्याइतके निर्भय व्हावे.

आपल्या वर्गांपुढचा प्रश्न मात्र निराळा आहे. कांबळी यांनी प्रयोगागणिक जे भरले ते छापील संहितेत कितपत सापडणार? ‘वस्त्रहरण’ शिकवायचे तर कोणते? पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी लहान संचांच्या वापरलेल्या प्रती गोळा कराव्यात, असे सुचवावेसे वाटते. होळीतल्या मंडळींची प्रत मी मागून घेऊन चाळली. समासात पेन्सिलीच्या खुणा होत्या, काही वाक्ये खोडलेली, काही नवी. आणि जवळजवळ प्रत्येक पानावर, कोठे एकदा तर कोठे दोनदा अधोरेखित करून, एकच शब्द लिहिला होता: ‘थांबा’.