सगळ्या फुल्या सारख्या नसतात

गेल्या दिवाळीच्या सुटीत सुरतेला काकांकडे होतो. उधन्यात त्यांच्या दारात कार्बुरेटरची जुनी मारुती ८०० असते. ती चालताना आचके देऊ लागली, तेव्हा कार्बुरेटरचे झाकण उघडण्याचा मान मी आपणहून घेतला. दोन स्क्रू सुटले. तिसऱ्यावर पाना घसरला, पुन्हा घसरला, आणि फुलीची झाली वाटी! "गॅरेजवाल्याने भलतेच आवळून ठेवलेत," असे मी ताबडतोब जाहीर केले.

आता माझे मत असे आहे की, बहुतेक वेळा स्क्रू नव्हे, आपणच हट्टी असतो. बाजारात मिळणारा फुलीचा पाना बहुधा फिलिप्स पद्धतीचा. अमेरिकेतील हेन्री फिलिप्स यांना तिची पेटंटे १९३६ साली मिळाली. तिची फुली निमुळती, त्यामुळे जोर वाढला की पाना वर सरकतो. मारुती ८०० मात्र १९८३ साली आली ती जपानी सुझुकीच्या रचनेवर. जपानी पान्याचे टोक जरा बोथट. त्या खाचेत फिलिप्सचा पाना पुरता बसत नाही. कानडी येते म्हणून तेलुगू पाटी वाचायला जावे, तशातली गत. जपानी स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा बारीक ठिपका असतो. मी तो पाहिला होता. घाण समजून पुसतही होतो!

त्यात सुरतेची दमट हवा. पोलादी स्क्रू आणि कार्बुरेटरचा मऊ धातू यांच्यामध्ये ओल शिरली की मऊ धातू खाल्ला जातो आणि त्याची भुकटी आट्यांत घट्ट बसते.

तापवले की स्क्रू सुटतो, एवढे ऐकून माहीत होते. मी काडेपेटी शोधू लागलो, तीही पेट्रोलने ओल्या कार्बुरेटरसाठी! काकांनी हात धरला. "अरे, घर पेटवशील!" घसाऱ्याचे गणित मला येते, घसरणाऱ्या पान्याचे येत नव्हते.

गाडी घरी खोलू नये असे मी म्हणणार नाही. पण पाना दुसऱ्यांदा घसरला की थांबावे. काकांनी गंजाचे तेल सोडून रात्रभर वाट पाहिली. सकाळी सुईने खाचा कोरल्या, जपानी पाना मागून आणला, त्यावर हातोडीची हलकी टिचकी मारली आणि अंगाचा भार देऊन स्क्रू आधी किंचित आवळला, मग सोडवला. माझा वाटी झालेला तेवढा पकडीने ओढून काढावा लागला. गॅरेजवाल्याबद्दल बोललो ते मागे घ्यायचे मात्र अजून राहिले आहे.