लाइट धरणाऱ्या मुलाच्या हातातील वायर

लग्नसराई सुरू झाली की मोमिनपुऱ्यापासून कामठीपर्यंतच्या प्रत्येक शादीत एक मुलगा हमखास दिसतो. वय अठरा-एकोणीस. फोटोग्राफर पुढे, हा त्याच्या मागे. हातात लाइट, खांद्याला बॅटरीची पिशवी. निकाहनाम्यावर सही होताना, मुलीच्या रुखसतीच्या वेळी सर्वांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो तो याच्या हातातून. फोटोत मात्र हा कुठेच नसतो. या महिन्यात आम्ही लिहीत आहोत ते त्याच्या बॅटरीपासून लाइटपर्यंत जाणाऱ्या वायरीविषयी.

पूर्वी शादीत हॅलोजनचा दिवा असे. भिंतीतील 230 व्होल्टचा करंट आणि मंडपभर सरपटणारी लांब वायर. आता एलईडी लाइट 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, त्यामुळे धोका पुष्कळ कमी झाला. अडचण उरली ती लांबीची. वायर आखूड असली तर हात वर करताच प्लग निसटतो. लांब असली तर गुडघ्यापर्यंत लोंबते आणि गर्दीत कुणाच्या तरी हाताला, ओढणीला अडकते. त्यावर उपाय म्हणजे स्प्रिंगची वायर, जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरला असायची तशी. ओढली की लांब, सोडली की आखूड.

तयार स्प्रिंग वायर प्रत्येक लाइटला बसत नाही. कधी प्लग वेगळा, कधी माप वेगळे. म्हणून काही मुले ती स्वतः बनवतात. आमच्या शाळेतून निघून वायरमनचा कोर्स केलेला एक विद्यार्थी हे काम करतो. तो म्हणाला, "सर, वायर गुंडाळणं सोपं आहे. किती जाड घ्यायची, ते समजायला वेळ लागला."

गुंडाळण्याची रीत अशी. बारीक तारांची, दोन कोअरची, गोल आवरणाची लवचीक वायर घ्यावी. 8 मिलिमीटर जाडीच्या लोखंडी सळईवर ती एकमेकींना चिकटून गुंडाळावी आणि दोन्ही टोके घट्ट बांधावीत. मग हॉट एअर गनने, सळई फिरवत फिरवत, सगळीकडे सारखी ऊब द्यावी. पीव्हीसीचे आवरण उष्णतेने नरम होते आणि थंड होताना त्याच आकारात बसते. म्हणून सळई पूर्ण थंड होईपर्यंत वायर काढायची नाही. उतावळेपणा केला की वेटोळी सैल राहतात. शेवटी प्रत्येक वेटोळे उलट्या दिशेने पिळून घेतले की स्प्रिंग अधिक घट्ट होते. आवरण जळू देऊ नये. पीव्हीसीचा धूर विषारी असतो. खिडकी उघडी हवी, आणि स्वयंपाकाचा ओव्हन या कामाला कधीही वापरू नये.

आता जाडीचा प्रश्न. 6 मिलिमीटरची वायर 8 मिलिमीटरच्या सळईवर गुंडाळली तर एका वेटोळ्यात सुमारे 44 मिलिमीटर वायर जाते. 50 वेटोळ्यांची स्प्रिंग दिसायला शाळेच्या पट्टीएवढी, 30 सेंटिमीटर. पण तिच्यात 2.2 मीटर वायर असते. दोन्ही सरळ टोके धरून अडीच मीटर. करंट एका कोअरने जातो, दुसऱ्याने परततो, म्हणजे त्याचा प्रवास 5 मीटरचा.

60 वॅटचा लाइट 12 व्होल्टवर 5 अँपिअर करंट घेतो. तांब्याची तार अर्धा चौरस मिलिमीटरची असेल तर 5 मीटरचा रोध सुमारे 0.18 ओहम होतो. ओहमच्या नियमाने गुणाकार करा: वाटेतच 0.9 व्होल्ट खर्च झाले. बॅटरी उतरू लागली की असा लाइट लवकर मंद होतो किंवा बंद पडतो, आणि वायर गरम होते. तीच तार 1 चौरस मिलिमीटरची घेतली तर नुकसान निम्मे, 0.45 व्होल्ट. वायर थोडी जाड होते, वेटोळी थोडी मोठी होतात, पण ऐन रुखसतीला अंधार होत नाही. "गणित कशाला शिकायचं?" असे विचारणाऱ्या मुलांना आम्ही आता हेच उदाहरण देतो.

काही गोष्टींत मात्र सूट नाही. धन आणि ऋण टोक उलटे लागले तर लाइट जळू शकतो. प्लग जोडण्याआधी मल्टिमीटरने तपासावे. बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज हवाच. 5 अँपिअरच्या लाइटला साडेसात अँपिअरचा चालतो. लिथियम बॅटरीची दोन टोके एकमेकांना लागली तर आग लागायला क्षणही पुरतो, आणि ती पिशवी मुलाच्या अंगावर असते. प्लगच्या तोंडाशी वायर ओढली जाऊ नये म्हणून तिथे पक्की पकड द्यावी.

आणि कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशला हात लावू नये. त्यातील कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास दाब साठतो आणि फ्लॅश बंद केल्यावरही काही काळ राहतो. काही फ्लॅशच्या बाहेरच्या बॅटरी पॅकमधून तोच दाब वायरीतून जातो. ती वायर कंपनीचीच घ्यावी. काय बनवायचे नाही हे समजणे हाही हुनरच आहे.

नागपूरच्या उन्हाळ्याचीही एक सूचना. मे महिन्यात बंद गाडीत ताणलेली स्प्रिंग वायर ठेवली तर तिचा पीळ जातो. ज्या उष्णतेने आकार दिला, तीच तो काढून घेते. वायर मिटवून सावलीत ठेवावी.

ज्या घरांतील मुले लग्नसराईत लाइट धरायला जातात, त्या आई-वडिलांना आमचे सांगणे आहे. किती पैसे मिळाले हे विचारता, तसेच बॅटरीला फ्यूज आहे का, हेही विचारा. मुलाला या कामात गोडी दिसली तर त्याला केवळ खांद्यावर ओझे वाहू देऊ नका. आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स आठवी पास मुलालाही करता येतो, इलेक्ट्रिशियनसाठी दहावी लागते. दोन्ही दोन वर्षांचे आहेत. लग्नसराई संपली की लाइट धरणारे हात रिकामे होतात. वायर जोडता येणाऱ्या हातांना बाराही महिने काम असते.