नऊ स्वरांत मावणारी चाल

बॅगपाइप हे वाद्य अपुरे आहे, असे पुष्कळदा ऐकू येते. हार्मोनियमवर साधारण तीन सप्तके, आणि स्कॉटलंडच्या या वाद्यावर स्वर अवघे नऊ! मग एखादे लोकगीत त्यावर बसेना, की कोणी त्याचा वरचा स्वर छाटतो, कोणी कोमल स्वराच्या जागी शुद्ध वाजवून मोकळा होतो. माझ्या मते दोष वाद्याचा नाही, निवडीचा आहे. चाल वाद्यात कोंबण्याआधी ती त्यात मावते का, हे तपासावे.

प्रथम वाद्याची रचना पाहू. काखेतली पिशवी दाबली की हवा नळ्यांत शिरते. चाल वाजवायच्या नळीला पुढे सात आणि मागे अंगठ्यासाठी एक, अशी आठ भोके असतात. सर्व भोके बंद असता एक स्वर व ती क्रमाने उघडली की आणखी आठ, असे नऊ स्वर झाले. बासरीत फुंक बदलून वरचे सप्तक काढता येते. येथे ती सोय नाही, कारण कंप पावणारी पत्ती वादकाच्या ओठांत नसते. आणि पिशवीतला दाब बदलला तर सगळ्याच नळ्यांचे सूर हलतात.

हे नऊ स्वर असे : खालचा कोमल नी, मग सा रे ग म प ध, पुन्हा कोमल नी आणि वरचा सा. म्हणजे आपल्या खमाज थाटाचेच स्वर.

उरलेल्या तीन नळ्या सनईच्या साथीतल्या सुराप्रमाणे एकच सूर अखंड धरतात. सा ची वारंवारता ४८० मानली, तर त्यांपैकी दोन नळ्या २४० वर आणि एक १२० वर बोलते. ग येतो ६०० वर, प ७२० वर. हे दोन्ही आकडे १२० च्या पूर्ण पटीत आहेत, म्हणून या स्वरांवर चाल रेंगाळली तर गोड वाटते. रे ५४० वर आहे. तो लांबवला तर आधारसुराशी घासतो.

आता दोन उदाहरणे घेऊ. ‘अमेझिंग ग्रेस’ची चाल मंद्र प पासून मध्य प पर्यंत जाते. तिचा सा वाद्याच्या म वर ठेवला की ती दोन सा च्या मध्ये अचूक बसते. रॉयल स्कॉट्स ड्रॅगून गार्ड्सच्या बँडने वाजवलेली ही चाल १९७२ साली ब्रिटनमध्ये विक्रीत पहिल्या क्रमांकावर होती. याउलट ‘ऑल्ड लँग साइन’ ही स्कॉटलंडचीच चाल, पल्ला मंद्र प ते मध्य ध, म्हणजे बरोबर नऊ स्वरांचा. तरीही ती मावत नाही! तशाच मांडणीत तिचा ध वाद्याच्या वर जातो. एक पायरी खाली सरकवली तर कोमल ग लागतो, आणि तो वाद्यात नाही. म्हणजे स्वरांची नुसती संख्या जुळून भागत नाही, त्यांच्यातली अंतरेही जुळावी लागतात.

आणखी एक गोष्ट. हे वाद्य मध्येच थांबत नाही. गाण्यातल्या विरामावर ज्या चालीचे सौंदर्य अवलंबून आहे, ती येथे फिकी पडते.

ब्रिटिश काळात हे वाद्य गढवाल-कुमाऊँत पोचले. आज तेथे लग्नाच्या वरातीत ते मशकबीन म्हणून पहाडी गीतांच्या चाली वाजवते. परके वाद्य आपले झाले, ते त्यात मावणाऱ्या चाली त्याला मिळाल्या म्हणून.

शिक्षकांनी ही तपासणी वर्गात जरूर करून घ्यावी. विद्यार्थी मित्रांनो, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून एक ओवी किंवा भोंडल्याचे गाणे ऐका व त्याचे स्वर लिहून काढा. सर्वांत खालचा आणि वरचा स्वर कोणता? कोमल स्वर कोणते? चाल कोणत्या स्वरावर थांबते? नऊ स्वरांत न मावणारे गाणे गळ्यासाठी राहू द्या. लोकगीताची चाल सहसा कागदावर नसते, कानांत असते. आज बँडने छाटून वाजवलेली चाल उद्याची मुले मूळ म्हणूनच शिकतील.