कर की मोबदला?

लंडनच्या मध्यभागात २००३ पासून मोटारींवर गर्दी-शुल्क आहे. अनेक वकिलाती ते देत नाहीत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थकबाकीदारांच्या यादीत अमेरिका व जपान यांच्या खालोखाल भारताचे नाव होते. रक्कम सुमारे ८५ लाख पौंड! हा कर आहे व १९६१ च्या व्हिएन्ना कराराने तो राजदूतांस माफ आहे, असे अमेरिका म्हणते. ब्रिटनच्या मते हा सेवेचा मोबदला. आणि विशिष्ट सेवेच्या आकारणीस करारात माफी नाही. मोकळा रस्ता ही सेवाच होय, हा युक्तिवाद लंगडा म्हणता येणार नाही.

वऱ्हाडाला हा वाद परका वाटेल. पण अमरावती-अकोला महामार्गाला लागू असणारे २००८ चे केंद्रीय नियम पथकराला 'शुल्क' म्हणतात, म्हणजे मोबदलाच; आणि तरी त्यांतून खासदारांना व स्वतःच्या राज्यापुरते आमदारांना वगळतात. रुग्णवाहिकेची माफी समजते. राजदूतापाशी निदान आंतरराष्ट्रीय करार तरी आहे. आमदारापाशी केवळ ओळखपत्र! शाळामास्तरांनी एस. टी.च्या तिकिटातून हा भार उचलावा आणि कायदे करणाऱ्यांनी नाक्यावरून फुकट जावे, हे कोणत्या अर्थशास्त्रात बसते? भारताने लंडनची बाकी चुकती करावी, आणि त्याच वेळी या नियमांतील लोकप्रतिनिधींची नावेही गाळावीत.