वीस गुणांचा हिशेब द्या!

दहावीचे भाषा व सामाजिक शास्त्रांचे २० अंतर्गत गुण २०१९ च्या परीक्षेपुरते बंद झाले आणि राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. नवा अभ्यासक्रमही होताच. पण ओरड होताच गुण परत आले. फ्रान्समध्येही २०२१ पासून शालान्त पदविकेचे ४० टक्के गुण वर्षभराच्या मूल्यमापनाचे आहेत.

आमचा या गुणांना विरोध नाही. लेखीत अडखळणारे खालापूरच्या कातकरीवाडीतले पोर तोंडी उत्तर नीट देऊ शकते. परंतु लेखी तपासणाऱ्याला नाव दिसत नाही. अंतर्गत गुण देणाऱ्याला आडनावही ठाऊक असते. लेखीची छायाप्रत मागता येते. मग या वीस गुणांचे निकष आधी फलकावर लावा, नोंदी पालकांना दाखवा. मेहेरबानी नको, हिशेब हवा!