वाचलेल्याचे पुढे काय?

भंडाऱ्याला अखेर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे राज्यातील ज्या दहा महाविद्यालयांचे उद्घाटन केले, त्यात आपलेही आहे. दरवर्षी शंभर मुलामुलींना प्रवेश मिळेल, याचा आनंद आहेच. पण दुसऱ्याच दिवशी जागतिक मानसिक आरोग्य दिन येऊन गेला, आणि या जिल्ह्यातील एका रुग्णाची आठवण त्या निमित्ताने करून देणे आम्हाला भाग आहे. आत्महत्येच्या प्रयत्नातून जो वाचला, मात्र तेवढ्या वेळात ज्याच्या मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, तो हा रुग्ण. त्याचे पुढे काय होते, याचे उत्तर आज सरकारकडे नाही.

श्वास कोणत्याही कारणाने अडो, प्राणवायूविना चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात. सर्वांत आधी फटका बसतो तो स्मरणशक्तीच्या आणि शरीराच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागांना. लाखांदूर, पवनी, तुमसरच्या खेड्यांतून रुग्ण आधी ग्रामीण रुग्णालयात, तिथून जिल्हा रुग्णालयात आणि मग 'रेफर' होऊन नागपूरच्या मेडिकलला पोहोचतो. व्हेंटिलेटर लागतो, डॉक्टर जिवाची बाजी लावतात, माणूस वाचतो. 'वाचला बाप्पा' म्हणत घरचे त्याला गावी आणतात. खरा प्रश्न तिथून सुरू होतो. त्याला मागच्या वर्षीचा धानाचा भाव आठवतो, सकाळी जेवलो की नाही हे आठवत नाही. ग्लास उचलायला जावे तर हाताला झटके येतात. चालताना तोल जातो, क्षुल्लक कारणाने संताप होतो, हिशेब जमत नाही. काही जण आधी बरे वाटतात आणि काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पुन्हा ढासळतात. अशा वेळी डॉक्टरला लगेच दाखवायचे असते, हे डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांना कोणी तरी सांगितले पाहिजे. नाही तर शेजारी त्याला वेडा ठरवतात, सोंगाडा ठरवतात. तो वेडा नाही आणि सोंगही करत नाही. त्याच्या मेंदूला इजा झाली आहे आणि त्या इजेवर उपचार आहेत. झटक्यांवर औषधे आहेत. फिजिओथेरपी, वाचा-उपचार, स्मरणशक्तीचा सराव यांनी माणूस सुधारतो, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत. नेमके तेच महिने आपण वाया घालवतो.

हा दयेचा नव्हे, कायद्याचा विषय आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, अंमल २०१८ पासून. त्याचे कलम ११५ सांगते की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरावे, आणि तिला काळजी, उपचार व पुनर्वसन पुरवणे हे सरकारचे कर्तव्य आहे. पुनर्वसन कायद्यातच लिहिले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने तर १९८६ मध्येच मारुती दुबळ खटल्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३०९ घटनाबाह्य ठरवले होते. तो निर्णय सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही, पण १ जुलै २०२४ रोजी नवी भारतीय न्याय संहिता आली आणि ते कलम वगळले गेले. शिक्षा गेली, चांगले झाले. मग उपचार कुठे आहेत? पुनर्वसन कुठे आहे?

प्राणवायूअभावी मेंदू जायबंदी होणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राला ठाऊक नाही असेही नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांची इजा एका नराधमाच्या हल्ल्यातून झाली होती, प्रसंग वेगळा होता. पण केईएमच्या परिचारिकांनी १९७३ पासून २०१५ पर्यंत त्यांना जपले. त्या परिचारिकांपुढे राज्य नतमस्तक झाले. खेड्यातल्या रुग्णाच्या वाट्याला असा वॉर्ड नाही आणि अशा परिचारिकाही नाहीत. तिथे एक बायको किंवा एक म्हातारी आई असते, आणि तिची मजुरी बुडालेली असते.

त्या बाईची फरफट पाहा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या यादीत एकवीस प्रकार आहेत; प्रौढपणी झालेली मेंदूची इजा त्यात स्वतंत्रपणे नाही. प्रमाणपत्रासाठी हा रुग्ण कधी एका रकान्यात बसवायचा, कधी दुसऱ्या. प्रमाणपत्र नाही म्हणून दिव्यांगांच्या योजना नाहीत. नवरा शुद्धीत नसेल तर त्याचे बँक खाते, त्याचा सातबारा यांसाठी पालकत्व हवे. आणि अशा प्रौढ रुग्णासाठी सरळ कायदाच नसल्याने घरच्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. धानाच्या बांधीवर राबणाऱ्या बाईने नागपूर खंडपीठात वकील कसा लावावा?

मुळात आपली व्यवस्था मेलेल्यांना मोजते, वाचलेल्यांना मोजत नाही. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रात, देशात सर्वाधिक. एका आत्महत्येमागे वीसहून अधिक प्रयत्न होत असावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या वाचलेल्यांची राष्ट्रीय नोंदवही आपल्याकडे नाही. शेतकरी आत्महत्येची सरकारी फाइलसुद्धा मृत्यूनंतरच उघडते. ही खोड जुनी आहे. भंडाऱ्याच्या याच जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात शिशू कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली, तेव्हा राज्याला रुग्णालयांचे अग्निसुरक्षा परीक्षण आठवले. दहा चिमुकल्यांचा जीव जाईपर्यंत थांबणारी व्यवस्था वाचलेल्या माणसाकडे आपणहून वळेल, या भ्रमात भंडारेकरांनी राहू नये. त्यासाठी मागणीच करावी लागेल.

म्हणून ती मागणी आम्ही करतो. नव्या महाविद्यालयात मेंदूच्या इजेसाठी पुनर्वसन कक्ष पहिल्याच टप्प्यात उभा राहिला पाहिजे. तिथे मानसोपचार, मेंदूविकार आणि फिजिओथेरपीचे डॉक्टर एकाच दिवशी, एकाच छताखाली भेटले पाहिजेत. प्रयत्नातून वाचलेल्या प्रत्येकाची गोपनीय नोंद व्हावी. आठवड्याने, महिन्याने, तीन व सहा महिन्यांनी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकाने त्याच्यापर्यंत पोहोचावे. आशा सेविकांना हे काम द्यायचे तर त्याचा मोबदलाही द्यावा. दिव्यांगांच्या यादीत मेंदूच्या इजेला नावानिशी जागा मिळावी, यासाठी आपल्या खासदारांनी संसदेत बोलावे.

मनात मरणाचे विचार येत असतील, किंवा घरातल्या कोणाबद्दल तशी धास्ती वाटत असेल, तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे. प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी बहुसंख्य माणसे पुढे आत्महत्येने मरत नाहीत, ती जगतात. त्यांना नीट जगता यावे ही जबाबदारी कायद्याने सरकारवर टाकली आहे. जिल्ह्याच्या सातही तालुक्यांत मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मतदारांनी विचारावे: पुनर्वसन कक्ष कधी सुरू करणार, ती तारीख सांगा.